धूर, राख आणि हृदय

हृदय या शब्दाइतका मराठी साहित्यानें राबवून घेतलेला दुसरा शब्द सांपडणें कठीण आहे. हृदय फुटतें, पिळवटतें, हेलावतें, द्रवतें, प्रसंगीं पाषाणाचेंही होतें; काळजाला घरें पडतात, ऊर भरून येतो, छाती दडपते. आमच्या कादंबऱ्यांत विफल प्रीतीनें हृदयें विदीर्ण झालीं, नाटकांत पुत्रशोकानें झालीं, आणि बोलपटांत तर अशुभ तार हातीं पडतांच घरांतील वडील माणसें छातीवर हात ठेवून खुर्चींत कोसळूं लागलीं. या सर्व प्रकरणांत हृदयाला जें कांहीं झालें तें आंतून झालें, भावनेनें झालें आणि एका क्षणांत झालें, याविषयीं मराठी लेखकांत अपूर्व एकमत आहे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस या एकमताचीच तपासणी करावयाची आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वैद्यकशास्त्रानें हृद्रोगाविषयीं जें एक सत्य पुराव्यानिशीं मांडलें आहे, तें या तीनही गृहीतांना धक्का देणारें आहे. हृदयाला पुष्कळदां इजा होते ती बाहेरून होते, हवेनें होते, आणि वर्षानुवर्षें कळूं न देतां होत राहते. हें सत्य मराठींत माहितीच्या रूपानें येऊन पडलें आहे. वृत्तपत्रांच्या आंतल्या पानांवर तें अधूनमधून छापलेंही जातें. पण तें आमच्या लेखनांत मुरलें नाहीं, आणि तें न मुरण्याचें कारण आमच्या लेखनाचे ठरलेले सांचे हें आहे, असें आमचें म्हणणें आहे. उदाहरणादाखल आम्हीं आमचाच बीड जिल्हा घेतों. परळीची राख आणि ऊसतोडीच्या कोप्यांतील धूर हे दोन्ही या एकाच जिल्ह्याच्या वांट्यास आले आहेत.

प्रथम धुराचें पाहूं. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच धड्यांत डोंगरावरचा धूर भेटतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि असला पाहिजे; दृष्टान्त कोणता, तर स्वयंपाकघराचा. शतकानुशतकें आमच्या पंडितांनीं या अनुमानाचा कीस काढला. स्वयंपाकघरांत धूर असतो तेथें अग्नि असतो हें सर्वांनीं मान्य केलें. त्या धूर आणि अग्नि यांच्या शेजारीं एक बाईही बसलेली असते, ही गोष्ट मात्र अनुमानास अनावश्यक म्हणून गळाली. धूर हें दुसऱ्या कशाचें तरी चिन्ह, स्वतः कांहीं नव्हे, ही दृष्टि पुढें साहित्यांतही उतरली. सासुरवाशीण रडते आणि विचारलें तर धूर डोळ्यांत गेला म्हणते, हा प्रसंग ओव्यांपासून चित्रपटांपर्यंत किती वेळां आला असेल! त्यांत कवीचें आणि श्रोत्याचें सारें लक्ष तिच्या दुःखाकडे असतें. धूर ही केवळ सबब. परंतु तो धूर खरोखरच तिच्या डोळ्यांत जात होता, आणि डोळ्यांहून पुष्कळ खोल जात होता, हें कोणास सुचलें नाहीं. सायंकाळीं गांवावर तरंगणारा धूर ही आमच्या कवींची घरीं परतण्याची खूण आहे. भरभराटीचें वर्णन करावयाचें झालें तर घरांतून सोन्याचा धूर निघतो. राखेची गोष्ट तशीच. ती विभूति म्हणून कपाळीं लागते, अंगारा म्हणून पुडींत बांधली जाते, भांडीं घासण्यास उपयोगी पडते. राख झाली म्हणजे गोष्ट संपली, असें आमची भाषा समजते. परळीच्या ज्योतिर्लिंगाच्या छायेंत राखेविषयीं वाईट बोलणें तर औचित्यालाही सोडून होतें.

आतां शास्त्र काय सांगतें तें सांगितलें पाहिजे. त्यावांचून पुढील टीका निराधार ठरेल. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर धुकें आणि कोळशाचा धूर यांचा दाट थर पांच दिवस बसून राहिला. त्यांत सुमारें चार हजार माणसें अधिक मेलीं असा त्या वेळचा हिशेब होता. पुढील संशोधकांनीं तो आंकडा बारा हजारांपर्यंत नेला. पण ती एक आपत्ति होती. तिचे दिवस मोजतां येत होते. खरा प्रश्न निराळा होता. ज्या हवेंत कोणी गुदमरत नाहीं, जिच्याविषयीं कोणी तक्रारही करीत नाहीं, त्या हवेंत पंधरा वर्षें श्वास घेतल्यास काय होतें? हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉकरी प्रभृति संशोधकांनीं अमेरिकेंतील सहा शहरांतील ८,१११ प्रौढ माणसांचा चौदा ते सोळा वर्षें मागोवा घेऊन १९९३ मध्यें उत्तर दिलें. धूम्रपान, वय, वजन इत्यादि गोष्टींचा प्रभाव वजा घातल्यावरही सर्वांत मलिन हवेच्या स्टूबेनव्हिल शहरांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत स्वच्छ अशा पोर्टेज शहरापेक्षां २६ टक्क्यांनीं अधिक आढळलें, आणि हे जास्तीचे मृत्यु मुख्यतः फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या विकारांचे होते. पुढील अभ्यासांत हृदयाचा वांटा अधिकाधिक स्पष्ट होत गेला. अमेरिकन हार्ट असोसिएशननें २००४ मध्यें हा संबंध मान्य केला आणि २०१० मध्यें तो कार्यकारणभावाशीं सुसंगत असल्याचें सांगितलें. युरोपांतील अकरा गटांच्या लाखभर माणसांवरून २०१४ मध्यें असें दिसलें कीं, सूक्ष्म कणांचें वार्षिक प्रमाण घनमीटरमागें पांच मायक्रोग्रॅमनें अधिक असेल तेथें हृदयविकाराचे झटके सुमारें १३ टक्क्यांनीं अधिक येतात. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एकवीस देशांच्या अभ्यासांत आपलाही देश होता. त्यांतही दिशा तीच दिसली.

हे सूक्ष्म कण म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस यांच्यापेक्षां वीस-पंचवीसपट जाड असतो. मोठी धूळ नाकांत अडते, घशांत खवखवते, शिंकेबरोबर बाहेर पडते; हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोंचतात. तेथें दाह उत्पन्न होतो आणि त्याचे पडसाद रक्तावाटें सर्व शरीरांत उमटतात. अत्यंत बारीक कण तर स्वतःच रक्तांत उतरतात. रोहिण्यांचें आंतील अस्तर बिघडतें, त्यावर मेदाचे थर लवकर चढतात, रक्तदाब वाढतो, हृदयाच्या ठोक्यांचें नियमन करणाऱ्या मज्जातंतूंचा तोल जातो, रक्त गोठण्याकडे अधिक झुकतें. मग एखाद्या दिवशीं चढलेला थर फुटतो, त्यावर गुठळी धरते, आणि घरचीं माणसें म्हणतात, सकाळपर्यंत चांगला होता हो! या वाक्यांतली 'सकाळ' वीस वर्षांपूर्वीं सुरू झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागें पांच मायक्रोग्रॅम सुचविली. आपल्या देशाचें २००९ चें प्रमाण चाळीस आहे.

येथें लेखकापुढें एक खरी अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून साहित्यिकांस नुसतें रागें भरणें अन्यायाचें होईल. शास्त्र धोका सांगतें तो समूहाचा. गांवांत कोणाचें हृदय हवेनें थांबलें आणि कोणाचें वारशानें किंवा तंबाखूनें, हें वैद्यास सांगतां येत नाहीं; गांवाचा आंकडा वाढला, इतकेंच सांगतां येतें. कथेला मात्र एक माणूस लागतो, एक दिवस लागतो, आणि शक्य तर एक खलपुरुषही लागतो. टक्केवारीला नायक नसतो. लंडनमधील एका बालिकेच्या दम्यानें झालेल्या मृत्यूच्या कारणांत तेथील मृत्युचौकशी अधिकाऱ्यानें २०२० मध्यें हवेच्या प्रदूषणाचें नांव नोंदविलें, तेव्हां त्याची जगभर वार्ता झाली, ती याच अपूर्वतेमुळें. आमच्याकडे वृत्तपत्रांचें मृत्युलेखाचें वाक्य ठरलेलें आहे: हृदयविकाराच्या तीव्र धक्क्यानें निधन. धक्का म्हटला कीं तो अकस्मात् आला. अकस्मात् याचा अर्थच ज्याला कारण नाहीं तें.

या अडचणींतून वाट काढण्याचें काम ज्या लेखनाकडून व्हावयास हवें होतें, तें म्हणजे हृद्रोगावरील आमचें लोकप्रिय वैद्यकीय वाङ्मय. गेल्या कांहीं दशकांत या विषयावर मराठींत पुस्तकांचें आणि लेखांचें चांगलें पीक आलें आहे. त्यांतील चांगल्या लेखनाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. तंबाखू, मीठ, रक्तदाब, मधुमेह यांविषयीं त्या लेखकांनीं जें सांगितलें तें खरें आहे, आणि त्यानें माणसें वांचलीं आहेत. परंतु समीक्षकाच्या दृष्टीनें पाहतां या सर्व वाङ्मयाचा सांचा एकच असल्याचें ध्यानांत येतें. एक बऱ्यापैकीं पगाराचा गृहस्थ. बैठें काम, तळण, तूप, चिंता, सिगरेट. एके दिवशीं छातींत कळ. मग अतिदक्षता विभाग आणि देवदूतासारखा सर्जन. आणि शेवटीं पहांटेचें फिरणें, प्राणायाम, मोड आलेलीं कडधान्यें आणि डोळे उघडल्याची कबुली. हा सांचा वैद्यकाचा म्हणण्यापेक्षां कीर्तनाचा आहे. पूर्वरंगांत पातक, उत्तररंगांत पश्चात्ताप आणि उद्धार. अशा आख्यानांत पापी आणि रोगी एकच असावा लागतो. हवेला त्यांत जागाच नाहीं, कारण हवेबद्दल पश्चात्ताप करावा कोणीं? पहांटे उठून दीर्घ श्वास घ्या, असा उपदेश या पुस्तकांत पानोपानीं आहे. तो श्वास कोणत्या हवेचा घ्यावा, याविषयीं एक वाक्यही आम्हांस आढळलें नाहीं.

हा सांचा आमच्या जिल्ह्यास लावून पाहिला म्हणजे त्याचें अपुरेपण उघडें पडतें. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलींत चढणाऱ्या बाईस व्यायाम कमी पडतो असें कोण म्हणेल? तिच्या भाकरीवर तूप नसतें. पुष्कळजणींस मिश्रीची संवय असते आणि ती घातक आहे, हें खरें; तिचा जाब विचारलाच पाहिजे. पण मिश्री न लावणाऱ्या बाईस छातींत कळ आली, तर या शास्त्रांत तिचें पातक सांपडत नाहीं, आणि मग तें नशिबाच्या खात्यावर मांडलें जातें.

परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र १९७१ मध्यें तीस मेगावॉटच्या लहान संचांनीं सुरू झालें. १९८० पासून २१० मेगावॉटचे, आणि २००७ ते २०१६ या काळांत २५० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. पहिले लहान संच केव्हांच मोडींत निघाले. ज्या जिल्ह्यांत दुसरा मोठा कारखानदारीचा आधार नाहीं तेथें या केंद्रानें पगार दिले, दुकानें चालविलीं, मुलें शिकविलीं. हें विसरून लिहिणारा परळीकरांच्या विश्वासास पात्र होणार नाहीं. परंतु आपल्या देशांतील कोळशांत राखेचें प्रमाण साधारणतः तीस ते चाळीस टक्के असतें. शंभर वाघिणी कोळसा जाळला तर तीसांहून अधिक वाघिणी राख उरते. ती पाण्यांत कालवून तळ्यांत सोडतात. तळ्याचा कांठ मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत वाळतो, आणि वाऱ्याबरोबर राख उठते. उरलेली गाड्यांतून वीटभट्ट्यांकडे आणि सिमेंटकडे जाते. राखेचा उपयोग करून ती संपवावी असा केंद्र सरकारचा आदेश १९९९ पासून आहे, आणि २०२१ च्या अखेरीस तो अधिक कडक झाला. राख वाया जाऊं नये हें ठीकच; पण उपयोग म्हणजे वाहतूक, आणि वाहतूक म्हणजे रस्त्यावरची राख, हेंही त्यांत आलें.

या केंद्राविषयीं जें लिहिलें गेलें त्याचा थोडा विचार करूं. फेब्रुवारी २०१३ मध्यें दुष्काळामुळें पाणी संपलें आणि संपूर्ण केंद्र बंद ठेवावें लागलें. २०१५ च्या पावसाळ्यांतही तोच प्रसंग आला. त्या काळच्या ज्या बातम्या आम्हीं वाचल्या, त्यांत मेगावॉट मोजले होते, कोट्यवधींचा तोटा मोजला होता, खडका बंधाऱ्यांतील पाणी मोजलें होतें, कंत्राटी मजुरांच्या बुडालेल्या रोजाविषयींही, योग्य तेंच, लिहिलें होतें. धुराडें थांबल्यावर गांवाचा श्वास कसा चालला, हा प्रश्न विचारलेला दिसला नाहीं. अमेरिकेच्या युटा प्रांतांत एका दरींतील पोलादाचा कारखाना १९८६-८७ मध्यें कामगारांच्या तंट्यामुळें वर्षभर बंद पडला होता. आर्डन पोप या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानें रुग्णालयांच्या वह्या काढून पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या विकारानें दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुपटीहून अधिक होती. १९८९ मध्यें हें प्रसिद्ध झालें, आणि हवेविषयींच्या आधुनिक संशोधनाच्या पायाभूत दगडांत त्याची गणना होते. हें प्रयोगशाळेनें केलेलें काम नव्हे. एका जिज्ञासू माणसानें योग्य प्रश्न घेऊन जुन्या वह्या उघडल्या, एवढेंच. परळीपासून पाव शतक योजनें दूर नव्हे, अवघ्या पंचवीस किलोमीटरांच्या आसपास, अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचें मोठें रुग्णालय आहे. तेथील वह्यांतही दोन बंद उन्हाळे नोंदलेले असणारच.

त्यानंतर परळीची राख राज्यभर गाजली ती २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभीं. पण कशासाठीं? राखेच्या बेकायदा उपशासाठीं, तिच्या धंद्यांतील पैशासाठीं, दहशतीसाठीं. तें लिहिणें अवश्य होतें, आणि जोखमीचेंही. तथापि साहित्याच्या विद्यार्थ्यास त्यांत एक गोष्ट खटकते. राख वृत्तान्तांत आली ती माल म्हणून आली; तिच्यावरून कोण श्रीमंत झालें हें सर्वांस कळलें. ती रोज कोणाच्या छातींत उतरते हा त्या कथेचा विषयच नव्हता. खलपुरुष सांपडला कीं आमच्या लेखणीचें समाधान होतें.

येथें दुसऱ्या बाजूचाही एक दोष दाखविणें आम्हांस भाग आहे. राखेविरुद्ध पोटतिडकीनें लिहिणारे कांहीं लेखक गांवांतील प्रत्येक मृत्यु राखेच्या माथीं मारतात. त्यानें हेतूस बळ येण्याऐवजीं तो दुबळा होतो, कारण एक मृत्यु खोटा ठरला कीं वाचक उरलेल्यांवरही अविश्वास दाखवितो. शिवाय अंगणांत, कपड्यांवर, पिकांच्या पानांवर जी करडी राख बसलेली दिसते, ती बहुतांशीं मोठ्या कणांची असते. ती डोळ्यांस आणि घशास जाचते, दमेकऱ्यास छळते. पण हृदयाचा खरा शत्रु तिच्याहून बारीक असतो आणि छायाचित्रांत येत नाहीं. कोळसा जळतांना जो गंधकाचा वायु निघतो त्याचेही पुढें हवेंत सूक्ष्म कण होतात, आणि ते धुराड्यापासून शेंकडों किलोमीटर जातात. अमेरिकेंत १९९९ ते २०२० या काळांतील वृद्धांच्या मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघालेले सूक्ष्म कण इतर सर्व कणांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक घातक आढळले. म्हणजे जो राखेचा ढीग दाखवून आपण परळीची कहाणी सांगतों, तो ढीग त्या कहाणीचा केवळ दिसणारा भाग आहे. न दिसणाऱ्या भागाची झळ ज्यांनीं परळी पाहिलीही नाहीं त्यांस पोंचते.

तरी परळीच्या धुरास निदान धुराडें आहे. त्याच्याकडे बोट दाखवितां येतें. ज्या धुरास धुराडेंही नाहीं त्याच्याविषयीं मराठी साहित्य अधिकच मुकें आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून लाखो माणसें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊस तोडण्यास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. फडाजवळ पाचटाची, ताडपत्रीची कोपी. आंत किंवा दाराशीं तीन दगडांची चूल. सरपण म्हणून पाचट, काटक्या, चिपाडें, मिळेल तें. गांवीं असतांना त्याच चुलींत तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. ज्वारीची भाकरी भाजावयाची तर जाळ सारखा लागतो, आणि तो सारखा राखावयाचा तर तोंड चुलीशीं न्यावें लागतें, फुंकणी सोडतां येत नाहीं. मध्यरात्रीं उठून ही भाकरी होते, कारण पहांटे फडावर जावयाचें असतें. आमच्या ग्रामीण कथेनें हा सारा देखावा अतिशय प्रेमानें रंगविला आहे, आणि आम्हांसही तो आवडतो हें कबूल करूं. पण चुलीवरच्या भाकरीच्या चवीवर जितकें लिहिलें गेलें, त्याच्या शतांशानेंही ती भाजणारीच्या श्वासावर लिहिलें गेलें नाहीं. हल्लीं तर महामार्गावरील भोजनगृहें 'चुलीवरचें' अशी पाटी लावून ती चव विकतात.

किर्क स्मिथ या संशोधकानें गुजराथेंतील आपल्या सहकाऱ्यांसह तेथील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासाच्या जागीं धूर मोजून १९८३ मध्यें आंकडे प्रसिद्ध केले. शहरांतील कारखान्यांची हवा त्यापुढें सौम्य ठरावी असे ते होते. हृदयाचा हिशेब पुढें आला. चीनमधील पांच ग्रामीण भागांतील २,७१,००० हून अधिक माणसांच्या अभ्यासांत, २०१८ मध्यें असें दिसलें कीं, लांकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं होणारे मृत्यु स्वच्छ इंधन वापरणाऱ्यांपेक्षां सुमारें २० टक्क्यांनीं अधिक होते, आणि ज्यांनीं इंधन बदललें त्यांचा धोका उतरला होता. आमच्याकडे १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजना आली आणि खेडोपाडीं शेगडी पोंचली, हें मोठें काम झालें. पण सहा महिने परगांवीं कोपींत राहणारी बाई सिलिंडर भरून आणणार कोठून, आणि ज्या दिवशीं पैसे नाहींत त्या दिवशीं पाचट तर दाराशींच पडलेलें असतें. शेगडी फडताळावर झांकून ठेवलेली आणि चूल पेटलेली, हा आजच्या खेड्यांतील घरोघरचा देखावा आहे. तो आमच्या कथाकारांनीं टिपला असता, तर योजनेच्या अहवालांत न मावणारें सत्य त्यांत मावलें असतें.

हवेविषयीं गद्य लिहितांच येत नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. इंग्रजींत जॉन ईव्हलिननें १६६१ मध्यें लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध राजास उद्देशून एक सबंध पुस्तिका लिहिली. रस्किननें १८८४ मध्यें नव्या युगाच्या काळ्या ढगावर व्याख्यानें दिलीं, तेव्हां म्हातारा भ्रमला असें लोक म्हणाले. अर्थात् ईव्हलिननंतर जवळजवळ तीनशें वर्षांनींही लंडनकर धुरानें मेलेच. तेव्हां लेखणीच्या सामर्थ्याविषयीं फार फुशारकी मारण्यांत अर्थ नाहीं. आणि इंग्रजीकडे तरी कशास जावयाचें? चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे. निरनिराळ्या प्रकृतीचीं, वयांचीं, आहाराचीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कशीं मरतात, असा तेथें अग्निवेशाचा प्रश्न आहे. आत्रेय उत्तर देतात कीं वायु, जल, देश आणि काल या सर्वांस समान असणाऱ्या गोष्टी बिघडल्या म्हणजे असें होतें. आणि बिघडलेल्या वायूच्या लक्षणांत वाळू, धूळ आणि धूर यांचा स्पष्ट उल्लेख करतात. पुढें कारण सांगतांना ते रोग्याच्या आहाराकडे वळत नाहींत. देश, नगर, श्रेणी आणि जनपद यांचे प्रमुख धर्म सोडून वागले म्हणजे हें सुरू होतें, असा त्यांचा रोख आहे. हृद्रोगाचे पांच प्रकार सांगणारा चरक हाच. आमच्या आरोग्यलेखकांनीं त्याच्याकडून पथ्यें उचललीं, हा अध्याय उचलला नाहीं.

अर्वाचीन काळींही मराठी मुलखांत हें काम झालेलें आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. एस. आर. कामत यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग येथील कुटुंबांची वर्षानुवर्षें तपासणी केली. खोकला, धाप यांच्याबरोबर त्यांनीं हृदयाचे विकारही मोजले, आणि मलिन हवेच्या वस्तींत त्यांचें प्रमाण खेड्यापेक्षां अधिक आढळलें. स्टूबेनव्हिलचे आंकडे प्रसिद्ध होण्याच्या कित्येक वर्षें आधींची ही गोष्ट. लालबागच्या गिरण्यांवर मराठींत केवढें साहित्य आहे! त्यांतील भोंगा सर्वांच्या परिचयाचा झाला. कामतांचा अभ्यास इंग्रजी नियतकालिकांतच राहिला.

शेवटीं एका शब्दाविषयीं. इंग्रजी शास्त्रज्ञ ज्याला 'लाँग-टर्म एक्स्पोझर' म्हणतात त्याचें भाषांतर आमचे अनुवादक 'दीर्घकालीन संपर्क' असें करतात. संपर्क हा शब्द येथें अगदींच पांगळा आहे. संपर्क तोडतां येतो, वाढवितां येतो, तो दोघांच्या खुशीचा असतो. आमच्या जिल्ह्यांतील कोणत्याही म्हातारीस तिच्या धापेविषयीं विचारावें. 'चुलीपुढं जल्म गेला, दुसरं काय,' असें ती म्हणेल. जन्म जाणें या क्रियापदांत काळ आहे, नाइलाज आहे, आणि हळूहळू खर्च होणारी एक वस्तूही आहे. परिभाषेच्या कोशकारांनीं त्याच्याकडे पाहण्यास हरकत नसावी. रुग्णालयाच्या केसपेपरावर मात्र तक्रारीपुढें 'किती दिवसांपासून' असा रकाना असतो, आणि त्या म्हातारीच्या छातीच्या दुखण्यापुढें तेथें लिहिलें जातें: तीन दिवस.